कार्पेट गवताचा मुरघास

शनिवार, २८ जून. सकाळी ११.४०
लॉन कापून झालं. परवेझ गार्डन सर्व्हिसवाला स्वतः मशीन घेऊन आला होता. पाऊण तासात बाराशे चौरस फूट. नगरच्या सावेडीत असं कार्पेट गवताचं लॉन दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही. मी खुर्ची टाकून देखरेख केली. देखरेखीशिवाय काम नीट होत नाही, हा नोकरीतला अनुभव.

किरकोळ बाब: कापलेल्या गवताचा ढीग परवेझ कोपऱ्यात तसाच ठेवून गेला. पाच गोण्या तरी भरतील. विचारलं तर म्हणाला, साहेब, आपलं कटिंगचं ठरलं होतं, उचलायचं नाही. मी कोणाचंच उचलत नाही, टाकू कुठं? हा विषय मी दोन दिवसांत निकाली काढतो, असं त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. प्रभावित दिसला.

दुपारी ४
कडूबाई फाटकाशी आली. मागच्या मोकळ्या प्लॉटवर तिच्या पाच-सहा शेळ्या चरतात. म्हणाली, 'दादा, ताजं हाय तंवर द्या की मला समदं. उद्या गरम झालं की शेळी तोंड लावत न्हाई.' दोन खेपांत ढीग साफ करते म्हणाली.

नाही म्हणालो. समस्या आली की लगेच ती कोणाच्या तरी शेळीपुढे टाकायची, ही काम करायची पद्धत नव्हे. आधी अभ्यास, मग निर्णय.

ज्योतीने विचारलं, अहो, का नाही दिलं? तिला अभ्यासाचं महत्त्व सांगितलं. ती भाजी निवडायला आत गेली.

रविवार, २९ जून
ढिगात हात घातला. आतून चहाच्या पातेल्याइतका गरम. रंग पिवळट. अभ्यास सुरू.

सोमवार, ३० जून
घंटागाडीवाल्याला गोण्या दाखवल्या. तो म्हणाला, 'काका, आमी कचरा नेतो, शेत न्हाई नेत.' गाडीतलं गाणं चालू ठेवून निघून गेला. अर्ज करायचा होता, पण कोणाकडे करायचा ते कळेना.

संध्याकाळी कडूबाईला बोलावून मोठ्या मनाने गवत देऊ केलं. तिने मूठभर हातात घेतलं, हुंगलं, शेळीपुढे धरलं. शेळीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. कडूबाई म्हणाली, 'सांगितलं हुतं ना.' हे वाक्य मला आवडत नाही. कोणाच्याही तोंडी.

मंगळवार, १ जुलै
वास सुटला आहे. शेजारचे अजीजभाई कंपाउंडवरून म्हणाले, तुमचं ड्रेनेज तुंबलंय का बघा हो एकदा. अजीजभाई सभ्य माणूस. पण नाक फार तीक्ष्ण.

बुधवार, २ जुलै
एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती मी केव्हाच विसरून गेलो आहे.

तीन वर्षांपूर्वी या बंगल्याची वास्तुशांती झाली. सोनईहून माझा थोरला भाऊ रंगनाथदादा आला होता. आमची शेती तोच बघतो, सहा गाई आहेत. त्याने लॉनच्या कडेला चपला काढल्या, एक चक्कर मारली आणि विचारलं, 'ह्ये खातं कोन?' मी म्हणालो, कोणी नाही, हे बघण्यासाठी असतं. त्याने चपला घातल्या. मग पंगतीत, पन्नास माणसांदेखत बोलला: 'आमच्या भिमाजीनं जन्मात एकदाच पेरणी केली, आन् ती बी कुन्या जनावराच्या तोंडी लागंना.'

पंगत हसली. वाढणारे हसले. ज्योतीही हसली, मी पाहिलं.

मी कृषी खात्यात एकतीस वर्षं काढली. आस्थापना शाखेत होतो हे खरं, पण तालुक्यातला एकही कृषी सहायक माझ्या टिपणाशिवाय रजेवर जाऊ शकत नव्हता. म्हणजे शेतीची अर्धी सूत्रं माझ्याच टेबलावर होती.

त्यानंतरच्या तीनही पोळ्यांना सोनईला जाणं झालं नाही. पहिल्या वर्षी दाढ. दुसऱ्या वर्षी टाकी धुवायची होती. तिसऱ्या वर्षी काय होतं ते आठवत नाही, पण महत्त्वाचं होतं. दादा दर पोळ्याला सकाळी फोन करतो. त्या वेळी मी नेमका बाथरूममध्ये असतो. त्याच्याबद्दल मनात काही नाही.

गुरुवार, ३ जुलै. पहाटे ५.१०
सुचलं! मुरघास!

अख्ख्या जिल्ह्यात मक्याचा मुरघास होतो. हिरवा चारा कापायचा, बॅगेत दाबून भरायचा, हवा काढायची, तोंड बंद, पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही. आंबट-गोड चारा तयार, गाई चाटून-पुसून खातात. मका चालतो तर लॉन का नाही? गवत ते गवत.

पंचांग पाहिलं. ८ जुलैला भरलं तर पंचेचाळिसावा दिवस २२ ऑगस्ट. त्या दिवशी पोळा! दादाच्या गोठ्यात, दादाच्या गाईपुढे, माझं लॉन.

ज्योतीला उठवून सांगितलं. ती म्हणाली, सहा वाजता सांगा.

शनिवार, ५ जुलै
परवेझला पुन्हा बोलावून शिल्लक लॉन अगदी मुळाशी कापून घेतलं. ताजा माल हवा. तो म्हणाला, इतकं खाली मारलं तर लॉन जळेल. त्याला मोठं चित्र दिसत नाही. जुन्या ढिगातलं 'वरचं बरं' गवत निवडून त्यात मिसळलं. काटकसर.

रविवार, ६ जुलै
मुरघासाच्या व्हिडिओत एक कसोटी सांगितली आहे. चारा मुठीत आवळायचा. पाणी निथळता कामा नये. आवळला. पाणी कोपरापर्यंत आलं. आधी सुकवायला हवं. आभाळ भरून आलंय, ऊन नाही.

उपाय: हॉलमध्ये चादरी अंथरून गवत पसरलं, पंखा पाचवर. दुपारी ज्योतीची भिशी होती ते मला कोणी लेखी कळवलं नव्हतं. बायका स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा प्यायल्या. एकीच्या केसात गवत गेलं. ज्योती आज माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे कामाला शांतता मिळाली.

मंगळवार, ८ जुलै
भरणी. चार बॅगा. आत काळी प्लास्टिकची, बाहेर युरियाची गोणी. थराथरावर गूळ आणि मीठ. गूळ घरातलाच, डब्यात होता तेवढा. हवा निघावी म्हणून बॅगेत उभं राहून पायाने तुडवलं. दुसऱ्या बॅगेत पाय घसरला, कंबर धरली. तरी तुडवत राहिलो. उरलेली हवा व्हॅक्युम क्लीनरने ओढली. क्लीनर आता बंद पडला आहे, जुनाच होता.

प्रत्येक बॅगेला टिपण: 'बॅग क्र., भरल्याचा दिनांक, सीलबंद, उघडू नये, सही.' मूळ प्रत बाहेर चिकटवली, कार्यालयीन प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून आत ठेवली. एकतीस वर्षांची सवय. बाहेरचा कागद उडून गेला तरी आतला पुरावा राहतो.

चारही बॅगा गच्चीवर. आता पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही. संकल्प पक्का.

गुरुवार, १० जुलै
हवाबंद आहे की नाही ते बघायला क्र. १ उघडली. फक्त दोन मिनिटं. हवाबंद होती.

रविवार, १३ जुलै
चारही तपासल्या. हवाबंद. दर रविवारी तपासायचं ठरवलं.

शुक्रवार, १८ जुलै
क्र. ३ फुगली आहे. उशीसारखी. गॅस. दाभणाने बारीक छिद्र पाडलं, सूंऽऽ आवाज आला, वर सेलोटेप. पूर्ण नियंत्रणात.

अजीजभाईंनी ड्रेनेजवाले बोलावले. त्यांनी दोन चेंबर उघडून पाहिले, काही सापडलं नाही. अजीजभाई बुचकळ्यात. मी म्हणालो, पावसाळ्यात असं होतं.

मंगळवार, २२ जुलै
दादाला फोन केला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी केला. त्याने दोनदा विचारलं, 'भिमाजी? तूच बोलतूयस ना?' पोळ्याला येतोय म्हणालो, आणि सोबत तुझ्या गाईंना माझ्या लॉनचा मुरघास आणतोय. तिकडे दादा खोकला. मग म्हणाला, 'कार्पेट गवताचा? बरं. ये. ये तू.'

आवाज बसल्यासारखा होता. धास्तावला असावा.

शनिवार, २ ऑगस्ट
ज्योती आणि चांगुणावहिनींचे फोन वाढले आहेत. मी खोलीत गेलो की थांबतात. कशाबद्दल म्हणून विचारलं तर, पुरणाची डाळ किती भिजवायची त्याबद्दल. वीस मिनिटं डाळ.

रविवार, १० ऑगस्ट
तपासणी. क्र. १ च्या तळाशी काळं पाणी. अर्क असावा. क्र. २ वर पांढरी बुरशी, ती हाताने काढून टाकली. रंग: गडद. वास: पारंपरिक.

ज्योती गच्चीवर आली, नाकाला पदर लावून. म्हणाली, गाईंच्या पोटाला काही झालं म्हणजे? दादांची दुधाची सोय त्यांच्यावर आहे. तिला सांगितलं, मी कृषी खात्यातला माणूस आहे. ती म्हणाली, रजा विभागातला. अशा वेळी मी वाद घालत नाही.

परवेझ भेटला. लॉन मधून मधून पिवळं पडलंय ते त्याने दाखवलं. दिसतंय मला.

बुधवार, २० ऑगस्ट
दादाचा मुलगा रविराज पिकअप घेऊन नगरला आला होता, जाताना बॅगा न्यायला थांबला. तीन दिल्या. क्र. ४ इथेच ठेवली, नमुना म्हणून. एक नमुना नेहमी कार्यालयात राहावा.

रविराजने बॅग उचलली तेव्हा खाली ओघळ आला. तो म्हणाला, 'काका, लई भारी वास हाय.' चांगला मुलगा. जाताना काचा खाली करून गेला, इतकी हवा पावसाळी असताना.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. पोळा. सायंकाळी ७, सोनई
चहा निवतोय, तरी लिहितोय. आनंदाने.

दादाकडे आता बैल नाहीत, म्हणून पोळा गाईंचाच. गाई धुतल्या होत्या, शिंगं रंगवली होती. चंद्री म्हणून दादाची सगळ्यात दुभती गाय आहे, तिच्या गळ्यात घुंगरमाळ. वहिनींनी ओवाळलं, पुरणपोळी भरवली. शेजारपाजारची वीसेक माणसं होती. दादाने सगळ्यांदेखत सांगितलं, 'आता भिमाजीचा मुरघास.'

रविराजने बॅग क्र. १ आणली. लेबल माझंच, फक्त जरा वाकडं चिकटलेलं. मी स्वतः तोंड सोडलं. आणि काय सांगू! गच्चीवरचा तो वास गायब. आंबट-गोड, ताकात गूळ कालवल्यासारखा. रंग सोनेरी. पाती चांगली बोटभर रुंद. लॉनचं पातं सुतासारखं असतं, ते मुरल्यावर फुलतं हे आज कळलं. मधे मधे पिवळे दाणेही दिसले. थेट मक्यासारखे. गूळ आणि मिठाची प्रक्रिया होऊन असे खडे बनत असावेत. यावर अभ्यास व्हायला हवा.

चंद्रीने आधी हुंगलं. आणि मग तिने अशी काही मान घातली की टोपलं रिकामं होईपर्यंत वर काढली नाही. बाकीच्या पाचही गाईंनी तेच केलं.

आतली कार्यालयीन प्रत मात्र सापडली नाही. चंद्रीने खाल्ली असावी.

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, 'जमलं की रं तुला.' मी वर बघितलं. त्याचे सगळे केस पांढरे झालेत. हे तीन वर्षांत झालं की आधीच होते, ते मला सांगता येईना. पंगतीत त्याने मला शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं. पाच पोळ्या खाल्ल्या. कंबर दुखत नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट. नगर
पुढील योजना:
दर कटिंगचा मुरघास करायचा. परवेझला सांगून सावेडीतल्या सगळ्या बंगल्यांचं गवत गोळा करायचं. पुस्तिका लिहायची. कॉलनीच्या गणपतीत व्याख्यान: 'घरचं गवत, घरचा चारा'. मंडळाने रविवारची वेळ दिली, आरतीच्या आधी पंधरा मिनिटं. बोर्डावर नाव लिहिलं आहे. खाली 'मुरघास तज्ज्ञ' मी घातलं.

ज्योती म्हणाली, झालं ना एकदा, आता पुरे करा, क्र. ४ टाकून द्या. असं का, ते विचारलं तर ती कुकर लावायला आत गेली. तिला माझं यश पचायला वेळ लागेल.

रविवार, ३१ ऑगस्ट. रात्री ९
व्याख्यानाला चाळीसेक माणसं. भाषण उत्तम चाललं होतं. शेवटी नमुना क्र. ४ सर्वांसमोर उघडला.

पहिली रांग उठली. मग दुसरी. आत काळा चिखल. त्यात अळ्या. आरती वीस मिनिटं पुढे गेली, मांडव फिनेलने धुतला. अजीजभाई रुमाल नाकाला धरून शेवटपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, म्हणजे ड्रेनेज नव्हतं तर.

कार्यालयीन प्रत चिखलात जशीच्या तशी सापडली. सही स्पष्ट वाचता येते.

सोमवार, १ सप्टेंबर
कारणमीमांसा: शहरातली हवा. सोनईची हवा कोरडी, तिथे मुरघास शेवटच्या दोन दिवसांत पिकला. दुसरं कारण असूच शकत नाही. गवत तेच, गूळ तोच, तुडवणाराही मीच.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
कॉलनीत लोक मला पाहून रस्ता ओलांडतात. पुराव्याची गरज आहे. बॅग क्र. २ आणि ३ चा माल दादाकडे शिल्लक असेल. सोमवारी जाऊन डबाभर आणतो आणि मंडळासमोर ठेवतो.

सोमवार, ८ सप्टेंबर. संध्याकाळ
सोनईला न सांगता गेलो. वहिनी म्हणाल्या, हे डेअरीत दूध घालायला गेलेत, बसा भाऊजी, चहा टाकते. मी म्हणालो, तोवर गोठ्याकडे चक्कर मारतो. त्या म्हणाल्या, नको, तिकडं चिखल हाय. मी गेलो.

गोठ्यात मुरघासाच्या दोन मोठ्या बॅगा होत्या, एक उघडी. आत सोनेरी चारा. बोटभर रुंद पाती. मक्याचे दाणे. मूठभर घेऊन बराच वेळ पाहत उभा राहिलो.

मग मागे उकिरड्याकडे गेलो. कोपऱ्यात काळं काहीतरी पसरलेलं होतं, कोंबड्या उकरत होत्या. वास ओळखीचा. युरियाच्या तीन रिकाम्या गोण्या धुऊन कुंपणावर वाळत घातलेल्या होत्या. आणि कोंबडीच्या पायाखाली प्लास्टिकचं पाकीट: 'बॅग क्र. १. सीलबंद. उघडू नये.' सही माझी. जरा उकरल्यावर क्र. २ आणि क्र. ३ ही मिळाले. तिन्ही प्रती घेऊन मी गोठ्याच्या दगडावर बसलो.

दादा आला. माझ्या हातात कागद बघितले. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, पोळ्याच्या आदल्या रात्री रविराजनं आणि त्यानं मिळून बॅगा बदलल्या, लेबल तेवढं काढून लावलं. ज्योतीनं फोनवर सगळं सांगितलं होतं. 'गायींला घालता येत न्हवतं रं. पोटं फुगली असती.'

मी विचारलं, मग चारचौघांत सांगायचं ना सरळ. तुला कोणी अडवलं होतं?

तो उकिरड्याकडे बघत म्हणाला, 'एकदा सांगितलं हुतं पंगतीत. तीन पोळे तुझं ताट वाढून ठिवलं आन् उचललं. परत न्हाई सांगत.'

डोळ्यांत पाणी आलं. कारण वास नव्हे, हे इथे नोंदवून ठेवतो.

चहा झाला. मक्याचा मुरघास डब्यात भरून देऊ का, मंडळाला दाखवायला, असं दादाने स्वतःहून विचारलं. तो थट्टा करत नव्हता. खरंच भरून दिला असता. नको म्हणालो. निघताना तो गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, 'दिवाळीपतुर खत हुईल त्याचं. घिऊन जा तुझ्या लानला. जळालंय म्हनं.'

घरी आलो. तिन्ही कार्यालयीन प्रती फाडल्या. बोर्डावरचं 'तज्ज्ञ' आधीच कोणीतरी पुसलं होतं. परवेझ उद्या सकाळी कटिंगला येतोय, उगवलंय तेवढं. कडूबाईला निरोप दिलाय की दहाला शेळ्या घेऊन ये, ताजं आहे तोवर.

संकल्प: पुढच्या पोळ्याला सोनईला जाणे. सोबत काहीही न नेणे.